घर पाहावं बांधून, मिस्त्री पाहावा विचारून

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ ही म्हण आपण शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरती शिकतो. आमच्या घरी, भोकरदनला, गेल्या वर्षी ही दोन्ही कामं एकाच उन्हाळ्यात निघाली आणि म्हणीचा अर्थ मला पहिल्यांदा नीट कळला. लग्न छान झालं, ताई सुखात आहे. घर मात्र गळलं.

हो, गळलं! आणि मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जुलैमध्ये मायचा फोन आला तेव्हा मी मेसच्या रांगेत उभा होतो. "बाळा, वरच्या खोलीत पाणी उतरलंय रे. तुझी पुस्तकं खाली आणली, पण ते काँक्रीटचं पुस्तक तेवढं भिजलं." माझा रूममेट शेजारीच होता. संध्याकाळपर्यंत अख्ख्या विंगला कळलं की सिव्हिलवाल्याच्या घरावर ताडपत्री टाकली आहे. दोन दिवस ‘ताडपत्री इंजिनिअर’ म्हणून हाका आल्या. मीही हसलो. दुसरं काय करणार?

पण हसून झाल्यावर विचार करायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की चूक सिमेंटची नव्हती, सळईची नव्हती आणि एकट्या मिस्त्रीचीही नव्हती. म्हणून हा लेख. विषय साधा आहे: घराचं काम देण्याआधी त्या माणसानं पूर्वी केलेल्या कामाची चौकशी करणं. ऐकायला अगदी सोपं वाटतं. मग आपण करत का नाही?

आमचं घर केळना नदीच्या बाजूला आहे. मागचा भाग आजोबांच्या वेळचा, धाब्याचा. पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या. ताईच्या लग्नाआधी स्लॅबवर एक खोली चढवायची आणि स्वयंपाकघर नीट करून घ्यायचं असं ठरलं. अंदाज निघाला साडेचार लाखांचा. मामांनी एक मिस्त्री सुचवला. "आपलाच माणूस आहे, डोळे झाकून द्या काम," असं मामा म्हणाले आणि आम्ही खरोखरच डोळे झाकले.

आता माझे वडील, म्हणजे अण्णा, काही भोळेभाबडे नाहीत. बैल घ्यायचा तर दात बघतील, चालवून बघतील, जुंपून बघतील, मग हात पुढे करतील. कपाशीचं नवं वाण आलं तर पहिल्या वर्षी पेरणार नाहीत. दुसऱ्याच्या शिवारात ते कसं उभं राहतं, पावसानं ओढ दिली तर काय होतं, हे बघून मगच आपल्या रानात आणतील. ताईच्या स्थळासाठी तर त्यांनी तीन फेऱ्या मारल्या. मुलाच्या गावात ओळखीचे, भावकीतले, अगदी त्याच्या ऑफिसातला शिपाईसुद्धा सोडला नाही!

घराच्या सामानाचंही तसंच. सळई जालन्याहून आणली ती काट्यावर वजन करून. त्यासाठी मी त्यांना सूत्र लिहून दिलं होतं: सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमध्ये वर्ग करा, १६२ ने भागा, एका मीटरचं किलोत वजन मिळतं. १२ मिलिमीटरची सळई मीटरला साधारण ०.८९ किलो भरली पाहिजे. भरली. सिमेंटच्या गोणीवरचा आठवडा वाचला. वाळू मुठीत दाबून माती किती चिकटते ते पाहिलं. सगळं पाहिलं, फक्त माणूस पाहिला नाही.

गंमत म्हणजे मिस्त्री स्वतःच म्हणाला होता, "अण्णा, तीन घरं सांगतो, जाऊन बघा की." त्यानं तीन घरं सांगितली. मी तेव्हा आठ दिवस घरी होतो, गाडी दारात होती, तिन्ही घरं तालुक्यातच. गेलो नाही. तो स्वतःहून सांगतोय म्हणजे काम चांगलंच असणार, आणि आता बघायला गेलो तर मामांवर विश्वास नाही असं होईल, असा विचार केला. म्हणजे पत्ते मिळाले यालाच मी चौकशी समजलो.

पुढं काय झालं ते सिव्हिलच्या पोरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. स्लॅब पडला मे महिन्यात. काँक्रीट कडक होतं ते सुकून नव्हे, तर पाणी आणि सिमेंट यांच्या रासायनिक क्रियेनं. म्हणून त्याला ओलं ठेवावं लागतं. उष्ण, कोरड्या हवेत किमान १० दिवस, आणि बाजारात मिळणारं मिश्र सिमेंट असेल तर १४ दिवस पाणी द्यावं, असं आपलं आयएस ४५६ सांगतं. आमच्याकडे मे महिन्यात प्यायचं पाणीच टँकरचं. मिस्त्रीनं तीन दिवस पाणी मारलं आणि "झालं, आता घट्ट झालं" म्हणून मोकळा झाला. वर कोबा केला, पण त्याला पन्हाळीकडे ढाळ नीट दिला नाही. कठडा आणि स्लॅब जिथं मिळतात तिथं गोल वाटा काढायचा असतो, तो काढलाच नाही. वाटा म्हणजे कोपऱ्यातली ती सिमेंटची गोलाई, जिच्यामुळं पाणी सांध्यात न मुरता पुढं सरकतं. काम संपल्यावर छतावर दोन दिवस पाणी कोंडून गळती बघतात, तेही राहिलं. लग्न तोंडावर आलं होतं. आणि उचल म्हणून निम्म्याहून जास्त पैसे आधीच गेले होते, त्यामुळं बोलायला तोंड नव्हतं.

पहिल्या जोरदार पावसात कठड्याच्या सांध्यातून पाणी आलं. मिस्त्रीला फोन केला तर "उद्या येतो". तो उद्या दीड महिना उजाडला नाही.

गणपतीच्या सुट्टीत घरी गेलो आणि जे एप्रिलमध्ये करायला हवं होतं ते तेव्हा केलं. चुलतभावाला मागं बसवलं आणि ती तीन घरं बघून आलो.

पहिल्या घरी कळलं की स्लॅब दुसऱ्याच माणसाचा, आमच्या मिस्त्रीनं फक्त गिलावा केला होता. गिलावा चांगला होता, नाही म्हणत नाही. दुसरं घर मार्चमध्ये पूर्ण झालेलं. म्हणजे आम्हाला पत्ता दिला तेव्हा त्या छतावर पावसाचा एक थेंबही पडला नव्हता! तिसऱ्या घराच्या मालकांनी चहा पाजला, खूप आढेवेढे घेतले आणि शेवटी आम्हाला वर नेलं. तीन पावसाळ्यांपासून छतावर ताडपत्री होती. निळी, आमच्यासारखीच.

मी विचारलं, "काका, आमच्याआधी कुणी विचारायला आलं नाही का?"

"आले की दोघं-तिघं."

"मग?"

"म्हणलं, बरं केलं काम. आता कुणाच्या पोटावर कशाला पाय द्यायचा? अन् आपण फसलो हे सांगायचं म्हणजे आपलंच हसं."

परत येताना मी गाडीवर तावातावानं बोलत होतो. यांनी खरं सांगितलं असतं तर पुढची दोन-तीन घरं वाचली असती, कसले हे लोक, वगैरे. घरी आल्यावर अण्णांसमोरही तेच भाषण सुरू केलं. अण्णा गप्प होते. मायनं चुलीकडं बघत सांगितलं, "शेजारचे भाऊ श्रावणात आले होते विचारायला. त्यांना दिवाळीनंतर बांधायचंय. तुझ्या अण्णांनी सांगितलं, बरा माणूस आहे म्हणून."

वर ताडपत्री, खाली पाहुणा आणि तोंडात ‘बरा माणूस आहे’! मी चिडलो. अण्णा एवढंच म्हणाले, "मामाचं नाव आहे मधी. काय बोलावं माणसानं?"

मित्रांनो, माझ्या मते सगळी गोम इथं आहे. चौकशी करावी हे सगळ्यांना कळतं. पण चौकशी करणाऱ्याला विचारायची भीड, आणि ज्याला विचारायचं त्याला खरं सांगायची भीड. दोन भिडांच्या मधून वाईट काम सुखरूप पुढच्या घरी जातं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. त्यात कष्टाचे साडेचार लाख असतात, कुणाच्या कर्जाचे असतात, कुणाच्या निवृत्तीच्या फंडाचे असतात.

आपण सरकारी कामांना नावं ठेवतो. पण सरकारला निदान कागदावर ही भीड परवडत नाही. केंद्रीय दक्षता आयोगानं २००२ साली मोठ्या कामांच्या ठेकेदारांसाठी अनुभवाचा एक नियम घालून दिला. गेल्या सात वर्षांत ठेकेदारानं तशाच प्रकारची तीन कामं पुरी केलेली असावीत, प्रत्येक अंदाजित खर्चाच्या किमान ४० टक्क्यांचं. किंवा दोन कामं ५० टक्क्यांची. किंवा एक काम ८० टक्क्यांचं. यातला ‘तशाच प्रकारची’ आणि ‘पुरी केलेली’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आमच्या घराला हा हिशेब लावू. साडेचार लाखांच्या कामाला १ लाख ८० हजारांची तीन, किंवा सव्वादोन लाखांची दोन, किंवा ३ लाख ६० हजारांचं एक. आमच्या मिस्त्रीचं पहिलं घर ‘तशाच प्रकारचं’ नव्हतं, कारण गिलावा म्हणजे स्लॅब नव्हे. दुसरं पावसाच्या हिशेबानं ‘पुरं’ झालेलं नव्हतं. तिसऱ्याबद्दल काय बोलावं? म्हणजे एका दुपारच्या फेरीत तो अपात्र ठरला असता, पेट्रोलचा खर्च शंभर रुपये!

कुणी म्हणेल, फसवलं तर कायदा आहे. आहे. पण २०१६ चा रेरा कायदा विकायला काढलेल्या गृहप्रकल्पांसाठी आहे, आपल्या छतावर खोली चढवणाऱ्या मिस्त्रीची तिथं नोंद नसते. ग्राहक आयोगाचा रस्ता खुला आहे. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे हे सर्वोच्च न्यायालयानं १९९३ साली मान्य केलं आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ती सेवेत धरली आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिला फी नाही. पण तिथं कागद लागतो. आमच्याकडे ना करार, ना पावती, ना कामाचा तपशील. सगळं तोंडी, कारण ‘आपलाच माणूस’!

आमच्या गावाचं जुनं नाव भोगवर्धन. १९७३ च्या उत्खननात इथं सातवाहन काळातलं शहर उजेडात आलं. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली, तिचं नातं पार इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी जोडतात. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यात भोगवर्धनचेही लोक आहेत. आणि त्याच स्तूपाच्या दक्षिण तोरणावर विदिशाच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरीवकाम केलं असा लेख आहे. म्हणजे पैसे कुणी दिले तेही दगडावर आणि काम कुणी केलं तेही दगडावर. दोन हजार वर्षं ज्याला बघायचं त्यानं जाऊन बघावं! खरी शिफारस ही अशी असते. कुणाच्या तोंडची नाही, तर कामाशेजारी उभं राहून डोळ्यांनी बघायची.

म्हणून घरी ज्यांचं काम निघणार आहे त्यांच्यासाठी, आमच्या पैशानं शिकलेल्या चार गोष्टी:

१) मिस्त्रीनं सांगितलेली घरं तर बघाच, पण त्यानं न सांगितलेलं एक घर शोधा. सिमेंटच्या दुकानदाराला, सेंट्रिंगवाल्याला विचारा. त्यांना सगळं माहीत असतं.

२) निदान दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे काढलेलं घर बघा. गळती पहिल्या पावसात दिसते. पण आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळं पायाचा दोष भिंतीच्या भेगांत उमटायला वेळ लागतो. आमच्या बाजूच्या मातीवर बांधायचं तर तशाच मातीवरचं घर बघायला हवं. मुरमावरचं घर बघून निर्धास्त होऊ नका.

३) घरमालकाला मिस्त्रीच्या माघारी भेटा. ‘चांगला आहे का?’ असं विचारू नका, त्याला उत्तर ‘हो’च येतं. ‘काय बिघडलं होतं? बोलावल्यावर किती दिवसांत आला? ठरल्यापेक्षा किती जास्त लागले? परत काम निघालं तर यालाच द्याल का?’ असं विचारा. शेवटच्या प्रश्नाला समोरचा किती वेळ थांबतो तेही बघा. आणि जमलं तर छतावर जा. माणूस भिडेपोटी गोड बोलेल, छत बोलणार नाही.

४) एका कागदावर काम, दर, हप्ते आणि मुदत लिहून दोघांनी सह्या करा. उचल कमी द्या, काम होईल तसे पैसे द्या आणि थोडी रक्कम पहिला पावसाळा होईपर्यंत राखून ठेवा.

यावर दोन आक्षेप मी घरीच ऐकले. पहिला, मिस्त्रीला राग येतो. माझा अनुभव उलटा आहे. नंतर मी दोन-तीन गवंड्यांशी बोललो. त्यातला एक वयस्कर माणूस म्हणाला, "कुणी विचारायला आलं की मला बरं वाटतं. न विचारता देतो तो भाव बघून देतो, विचारून देतो तो काम बघून देतो." चांगल्या कारागिराचं नुकसान चौकशीनं होत नाही. ते ‘सगळे सारखेच’ या समजुतीनं होतं.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. नव्या पोरानं काय करायचं? त्याच्याकडे दाखवायला घरच नाही. प्लेसमेंटला ‘अनुभव किती?’ विचारल्यावर आपलं जे होतं तेच त्याचं होणार. खरं आहे. म्हणून नव्या माणसाला काम द्यावं, पण कंपाऊंडची भिंत द्यावी, बाथरूमच्या फरशा द्याव्यात. जे चुकलं तर पाडून पुन्हा करता येतं ते द्यावं. ते चांगलं झालं तर चार लोकांना दाखवावं. स्लॅबवर कुणाला शिकू देऊ नये.

आता आमच्या घराचं पुढं काय झालं ते सांगून संपवतो. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. सकाळी उठून शेजारच्या भाऊंना बोलावून आणलं, वर नेलं, ताडपत्री उचलली आणि ओल दाखवली. "मी तुम्हाला श्रावणात खोटं बोललो," एवढंच म्हणाले. अण्णांना असं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. भाऊ जरा वेळ काही बोललेच नाहीत. मग त्यांनी खाली बसून सगळं विचारून घेतलं.

तुम्हाला वाटेल, भाऊंनी दुसरा मिस्त्री बघितला. नाही! काम त्यालाच दिलं, पण अट घातली: आधी यांचं छत नीट करून दे, मग माझ्या कामाला हात लाव. आणि माझ्या स्लॅबला १४ दिवस पाणी, दोन दिवस पाणी कोंडून चाचणी, आणि काही पैसे पावसाळ्यानंतर. फोन न उचलणारा मिस्त्री नोव्हेंबरमध्ये आमच्या दारात उभा होता! सामान आमचं, मजुरी त्याची. जुना कोबा काढला, ढाळ दिला, वाटा काढला. त्याला हे सगळं येत होतं. फक्त ‘बरं केलं’ ऐकायची त्याला आमच्यासारख्यांनीच सवय लावली होती. मामा महिनाभर रुसले होते, संक्रांतीला तिळगूळ घेऊन आले.

दोन्ही छतं चांगली झाली का? ते मी आज सांगणार नाही. त्यांनी अजून पावसाळा बघितलेला नाही आणि मी वर काय लिहिलंय ते मला आठवतंय!

होस्टेलवर आपण एरवी फार चौकस असतो. जुना मोबाईल घेताना तिघांना विचारतो, इलेक्टिव्ह निवडताना सीनियर्सचं डोकं खातो, मेसचा ठेकेदार बदलायचा तर दुसऱ्या होस्टेलवर जाऊन जेवून येतो. पण आपल्याला कुणी विचारलं की? प्रोजेक्टमध्ये काही न करणाऱ्या मित्राबद्दल सर विचारतात, आपण म्हणतो, "केलंय सर त्यानं." उद्या आपण साईटवर जाऊ, काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही करायची वेळ येईल, समोर कुणाच्या तरी मामांचं नाव असेल. ती सही वाचून कुणीतरी पुढचं काम देणार आहे, हे तेव्हा आठवलं पाहिजे.

या सुट्टीत घरी जाल, तेव्हा कुणाकडे तरी बांधकाम निघालेलं असेलच. त्यांनी तुमच्याकडे विचारणा केली, तर त्यांना वर छतावर घेऊन जा. बघा पटतंय का!